नदीकाठचं निसर्ग उद्यान कसं राखतात? झाडं लावण्यापलीकडचं स्वयंसेवकांचं काम

जून उजाडला की फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर एक फोटो हमखास दिसतो. नदीकाठी खड्डा, खड्ड्यात रोप, रोपाला हात लावून उभे असलेले दहा-बारा जण आणि खाली ओळ, ‘पर्यावरण संवर्धनाचा संकल्प’. पुढच्या जूनमध्ये तोच फोटो पुन्हा येतो. कधी कधी तर त्याच खड्ड्यात.

झाडं लावण्यात वाईट काहीच नाही. पण नदीकाठ म्हणजे रिकामं मैदान नव्हे. तिथे कोणतं झाड लावायचं, कुठे लावायचं नाही, कोणतं उपटायचं आणि कोणत्या महिन्यात काठाला हातच लावायचा नाही, हे ठरलेलं असतं. शहरातल्या नदीकाठच्या उद्यानांमध्ये वर्षानुवर्षं काम करणारे स्वयंसेवक हेच शिकलेले असतात. त्यांचं काम नेमकं काय असतं, त्याचा उपयोग किती होतो आणि ते कुठे अडतं, याची ही माहिती.

नदीकाठ महत्त्वाचा का असतो?

पाणी आणि कोरडी जमीन यांच्या मधला पट्टा म्हणजे काठ. वर्षातले काही दिवस तो पाण्याखाली असतो, उरलेले दिवस उघडा. या अदलाबदलीला सरावलेल्या वनस्पतीच तिथे टिकतात. पाण्यालगत लव्हाळा, पाणकणीस आणि शेरणीची झुडपं. थोडं वर वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. त्याहून वर बाभूळ, कडुनिंब.

पूर आला की पाण्यालगतची झुडपं वाकतात आणि पाणी ओसरलं की पुन्हा उभी राहतात. तुकोबांनी लव्हाळ्याचा दाखला दिला तो उगाच नाही. या वनस्पतींची मुळं माती धरून ठेवतात, वरून वाहत येणारा गाळ अडवतात आणि पाण्याचा जोर कमी करतात. माशांची पिल्लं याच मुळांच्या आडोशाला वाढतात.

काठाची नुसती मातीही कुणाचं तरी घर असते. खंड्या आणि वेडा राघू मातीच्या उभ्या कड्यात बीळ करून अंडी घालतात. टिटवी तर उघड्यावर, खड्यांमध्येच अंडी घालते आणि ती खड्यांसारखीच दिसतात. त्यामुळे माणसाला ‘ओबडधोबड’ वाटणारा काठ जेसीबीने सपाट केला, तर एका दुपारीत कित्येक पक्ष्यांचा वीणीचा हंगाम संपतो.

महाराष्ट्रात असं काम कुठे झालं आहे?

सगळ्यात ठळक उदाहरण मुंबईचं. मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून असलेलं ‘महाराष्ट्र निसर्ग उद्यान’ एकेकाळी शहराचं कचरा टाकायचं ठिकाण होतं. कचऱ्याच्या ढिगांवर माती टाकून, झाडं लावून, ती जगवून तिथे सुमारे ३७ एकरांचं जंगल उभं राहिलं. १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. आज शाळेची मुलं तिथे फुलपाखरं आणि पक्षी ओळखायला शिकतात. पडीक जागेतही निसर्ग परत येऊ शकतो, फक्त त्याला दशकं द्यावी लागतात, हे या उद्यानाने दाखवलं.

दुसरं उदाहरण पुण्याचं. प्रा. प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये पुण्यात ‘इकॉलॉजिकल सोसायटी’ स्थापन केली. परिसंस्था कशा पूर्ववत करायच्या, याचा अभ्यासक्रम या संस्थेने चालवला. तिथे शिकलेल्या काही जणांच्या पुढाकारातून २०१४ मध्ये ‘जीवितनदी’ हा गट सुरू झाला. संपूर्ण नदी एकदम सुधारता येत नाही, हे या गटाने आधीच मान्य केलं आणि ‘दत्तक घेऊया नदीकिनारा’ असा उपक्रम हाती घेतला. मुठेवरची विठ्ठलवाडी आणि औंधमधला राम-मुळा संगम हे त्यातले दोन काठ.

या पद्धतीचं वैशिष्ट्य म्हणजे जागा एकच आणि माणसंही तीच. दरवेळी नव्या ठिकाणी मोठी मोहीम काढण्याऐवजी ठरलेल्या काठावर नेमाने जायचं. कचरा उचलायचा, परदेशी तण काढायचं, देशी रोपं जगवायची, लोकांना काठावरून चालत नेऊन नदी दाखवायची. घरातून नदीत जाणारी रसायनं कमी व्हावीत म्हणून साबण, डिटर्जंट, फिनाइल यांना पर्याय सुचवायचे, हाही या गटाच्या कामाचा भाग आहे. कारण शहरातल्या बहुतेक घरांची मोरी शेवटी नदीलाच जाऊन मिळते.

२०२२ मध्ये सरकारी पातळीवरही हालचाल झाली. महात्मा गांधी जयंतीला, २ ऑक्टोबरला, वर्ध्याजवळच्या सेवाग्राममधून ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान सुरू झालं. सुरुवातीला ७५ नद्या निवडल्या गेल्या. नदीच्या काठाने चालत जायचं, लोकांशी बोलायचं आणि नदीची स्थिती लिहून काढायची, अशी त्याची कल्पना होती.

स्वयंसेवक प्रत्यक्षात काय करतात?

कामाचे ढोबळ चार भाग पडतात.

*पहिला, कचरा काढणं.* पूर ओसरला की काठावरच्या झाडांना प्लॅस्टिकच्या पिशव्या, साड्या, चिंध्या, निर्माल्य लटकलेलं असतं. ते काढायला फारसं कौशल्य लागत नाही, पण काळजी लागते. जाड हातमोजे आणि गमबूट लागतात, कारण काचा आणि इंजेक्शनच्या सुया निघतात. हाताला जखम असेल तर गढूळ पाण्यात उतरायचं नाही, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. गवतात हात घालण्याआधी काठीने चाचपायचं, घोणस तिथेच असते. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. गोळा केलेला कचरा जागेवर जाळायचा नाही. पालिकेची गाडी कधी येणार हे आधी ठरलं नसेल, तर पोती काठावरच राहतात आणि पुढच्या पावसात परत नदीत जातात.

*दुसरा, तण काढणं.* हा खरा मेहनतीचा भाग. काठावरची सगळी हिरवळ चांगली नसते. सुबाभूळ, घाणेरी, गाजर गवत, बेशरम, वेडी बाभूळ आणि पाण्यातली जलपर्णी ही सगळी बाहेरच्या देशांतून आलेली मंडळी. एकदा शिरली की बाकी काही उगवू देत नाहीत.

गाजर गवताची भारतातली नोंद पुण्यातलीच, १९५०च्या दशकातली. ते फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावं लागतं. फुलावर आल्यावर उपटलं तर बी झडून पुढच्या वर्षी दुप्पट उगवतं. काहींना त्याची ॲलर्जी होते, त्यामुळे मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. पावसाळ्यात त्याच्या पानांवर पांढुरके, काळ्या रेघांचे भुंगेरे दिसले तर ती झाडं तशीच ठेवतात. मेक्सिकोतून आलेला हा भुंगेरा गाजर गवत खातो. तो भारतात १९८४ मध्ये मुद्दाम सोडला गेला.

सुबाभूळ नुसती कापून चालत नाही, बुंध्यातून पुन्हा फुटते. म्हणून रोपं लहान असतानाच उपटतात. मोठं झाड असेल तर मात्र हात आखडता घ्यावा लागतो. शहरात कोणतंही झाड तोडायचं तर १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, मग ते झाड परदेशी का असेना.

जलपर्णीची गोष्ट वेगळी. ती दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. बाहेर काढून काठावरच ढीग लावला तर पहिल्याच पावसात परत पाण्यात जाते. ती वाढते सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर. म्हणून जलपर्णी काढणं म्हणजे ताप मोजणं आणि कपाळावर पट्टी ठेवणं. आजार सांडपाण्याचा असतो.

*तिसरा, लावणं आणि जगवणं.* रोप लावायला पाच मिनिटं लागतात, जगवायला दोन ते तीन उन्हाळे. म्हणून अनुभवी गट आधी पाहतात की काठावर आपोआप काय उगवतंय. करंजाचं किंवा उंबराचं रोप स्वतःहून आलं असेल तर त्याला कुंपण घालणं हे नवं रोप आणण्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचं असतं. वड-पिंपळ नदीच्या पात्रात लावले जात नाहीत. गवताळ काठावर दाट झाडी लावत नाहीत, कारण टिटवीला उघडी जमीनच लागते. आणि लॉन तर मुळीच नाही. लॉनला पाणी लागतं, खत लागतं, आणि ते खत नदीतच उतरतं.

*चौथा, नोंद ठेवणं.* हे काम फोटोत दिसत नाही, पण पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. ठरलेल्या जागेवरून दर महिन्याला एक फोटो. कोणता नाला कुठे मिळतो, त्याचा रंग आणि वास काय. कोणते पक्षी कधी आले, कधी गेले. काही गट साध्या संचाने पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजतात. आंघोळीयोग्य पाण्यात तो लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा आणि जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी, ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे.

पक्ष्यांच्या नोंदीसाठी वर्षातले काही दिवस ठरलेले आहेत. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. नोव्हेंबरमध्ये ५ ते १२ तारखेपर्यंत महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा.

काम करायचं नाही असे महिने कोणते?

अनेकांना हे ऐकून नवल वाटतं, पण काठावर काही वेळा न जाणं हीच सेवा असते. साधारण मार्च ते जून हा जमिनीवर आणि मातीच्या बिळांत घरटी करणाऱ्या अनेक पक्ष्यांचा हंगाम. या दिवसांत मोठा जमाव घेऊन वाळूच्या आणि खड्यांच्या पट्ट्यात साफसफाई केली तर अंडी पायाखाली जातात. हिवाळ्यात पाहुणी बदकं उतरलेली असताना ढोल-ताशे लावून ‘नदी महोत्सव’ करण्यातही अर्थ नाही.

रोपं लावायची ती पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. गाजर गवत काढायचं ते श्रावणाच्या आधी. कचरा उचलायचा ते पूर ओसरल्यावर आणि गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. विसर्जनाच्या घाटावर निर्माल्य आधीच वेगळं गोळा केलं, तर नंतरचं निम्मं काम वाचतं.

मग हे काम अडतं कुठे?

स्वयंसेवक सांडपाणी शुद्ध करू शकत नाहीत. शहराचं मैलापाणी थेट नदीत जात असेल तर वर्षभर रविवारी प्लॅस्टिक उचलूनही पाणी काळंच राहतं. शुद्धीकरण प्रकल्प उभारणं आणि तो चालवणं ही पालिकेची जबाबदारी आहे. नागरिकांच्या श्रमदानाने ती संपत नाही. श्रमदानाचे फोटो पुढे करून ही जबाबदारी झाकली जात असेल, तर ते ओळखायला हवं.

दुसरी अडचण जागेच्या हक्काची. पुण्यात येरवड्याजवळ, मुळा-मुठेच्या काठी ‘डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य’ नावाची जागा आहे. पक्षीनिरीक्षकांच्या पिढ्या तिथे घडल्या. पण नावात ‘अभयारण्य’ असलं तरी ते वन्यजीव कायद्याखाली जाहीर झालेलं अभयारण्य नाही. त्यामुळे त्याला त्या कायद्याचं कवच मिळत नाही. कचरा आणि राडारोडा टाकण्यापासून नदीकाठ सुधार प्रकल्पापर्यंत प्रत्येक वेळी नागरिकांनाच धावावं लागलं.

हा प्रकल्प मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटर काठाचा आहे. नदीकाठी लोकांना चालायला, बसायला जागा मिळेल, असं पालिकेचं म्हणणं. बांध घालून पात्र अरुंद होईल, काठावरचे जिवंत झरे आणि जुनी झाडं जातील, असं पर्यावरणप्रेमींचं म्हणणं. २९ एप्रिल २०२३ रोजी झाडं तोडण्याच्या विरोधात पुणेकर ‘चिपको’ची आठवण देत रस्त्यावर उतरले. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंतही गेलं.

या वादात कुणाची बाजू घ्यायची हे ज्याचं त्याने ठरवावं. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना लागू आहे. ‘इथे काहीच नाही, नुसतं रान माजलंय’ असं कुणी म्हटलं, तेव्हा त्याला उत्तर देता आलं ते ज्यांच्याकडे पक्ष्यांच्या, झाडांच्या आणि झऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या त्यांनाच.

कायद्यात नागरिकांच्या हाती काय आहे?

- पूररेषा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी असते. आपल्या गावाच्या नदीची पूररेषा आखली आहे का, हे जलसंपदा विभागाकडे किंवा पालिकेच्या नगररचना विभागात विचारता येतं.

- जैवविविधता समिती. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत, म्हणजे ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत, अशी समिती असायला हवी. लोकजैवविविधता नोंदवही तयार करणं हे तिचं काम. स्वयंसेवकांच्या नोंदी या वहीत गेल्या की त्यांना सरकारी कागदाचं वजन येतं.

- जैवविविधता वारसा स्थळ. याच कायद्याच्या कलम ३७ नुसार राज्य सरकार एखादी जागा वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकतं. जळगाव शहराच्या कडेला असलेलं लांडोरखोरी हे असंच जाहीर झालेलं स्थळ आहे. लांडोर म्हणजे मोराची मादी, आणि मोरांसाठीच ही जागा ओळखली जाते.

खान्देशात हे काम वेगळं कसं ठरतं?

लांडोरखोरीपासून काही किलोमीटरवर, जळगाव-भुसावळ महामार्गावर नशिराबाद आहे. तिथून महामार्ग भुसावळकडे निघाला की साकेगावजवळ वाघूर नदी ओलांडतो. अजिंठ्याची लेणी ज्या घोड्याच्या नालेसारख्या दरीत कोरली आहेत, ती दरी याच नदीची. तिथे तिला वाघोरा म्हणतात. डोंगर उतरून ती उत्तरेला येते, धरणात अडते, जळगाव शहराला पाणी देते आणि पुढे तापीला मिळते.

नशिराबादला आता नगरपरिषद आहे. गाव वाढतं तशी नदी-नाल्यालगतच्या जमिनीला किंमत येते. तिथे बाग असावी, फिरायला जागा असावी, अशी मागणी होते, आणि ती रास्तही आहे. अशा वेळी पुण्या-मुंबईचा नमुना जसाच्या तसा उचलला तर फसगत होते, कारण खान्देशातल्या बहुतेक नद्या बारमाही नाहीत. हिवाळा सरला की पात्र कोरडं पडतं आणि कोरडं पात्र लोकांना रिकामी जागा वाटते. मग तिथे राडारोडा पडतो, वाळू उपसली जाते. वाळू हीच नदीची साठवण असते. पावसाचं पाणी ती धरून ठेवते आणि शेजारच्या विहिरींना पुरवते. ती गेली की उन्हाळ्यात विहिरी लवकर तळ गाठतात.

म्हणून इथल्या स्वयंसेवकांसाठी कामाची यादी थोडी बदलते. नदीतले डोह कोणते, आणि कोणत्या डोहात कोणत्या महिन्यापर्यंत पाणी राहतं, ही पहिली नोंद. मे महिन्यात मासे, कासवं आणि पक्षी याच डोहांच्या आधाराने जगतात. दुसरी गोष्ट, तापीच्या खोऱ्यातले गाळमातीचे उभे कडे तसेच राहू देणं, वेडे राघू तिथेच येतात. तिसरी, जळगावचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो हे धरूनच रोपं लावणं. पन्नास रोपं लावून विसरण्यापेक्षा दहा लावून तीन उन्हाळे पाणी घालणं परवडतं.

नोंदी ठेवण्याची सवय या भागाला नवी नाही. भुसावळजवळ तापीवरचं हतनूर धरण पक्ष्यांसाठी महत्त्वाचं क्षेत्र म्हणून ओळखलं जातं, आणि वरणगावच्या चातक संस्थेचे कार्यकर्ते तिथे पक्ष्यांची गणना करत आले आहेत.

नदी मिळून सांभाळण्याची सवयही खान्देशाला जुनीच. पांझरा आणि मोसमसारख्या नद्यांवर फड पद्धत तीनेकशे वर्षं चालली. बंधाऱ्याचं पाणी कोणत्या फडाला कधी द्यायचं हे शेतकरीच बसून ठरवत. पाणी सोडायला पाटकरी, पिकावर नजर ठेवायला जागल्या, देखरेखीला हवालदार अशी माणसं नेमलेली असत आणि पाट साफ करायला सगळे मिळून जात. तिथेही एखाद्या दिवसाचा उत्साह कामाचा नव्हता. कोणी, कधी आणि किती करायचं हे ठरलेलं असे, म्हणून ती टिकली.

सुरुवात करायची असेल तर?

पाच-सहा जण पुरतात. दोनशे-तीनशे मीटरचा एकच काठ निवडा. पालिकेला किंवा ग्रामपंचायतीला पत्र देऊन कळवा. पहिले तीन महिने काहीही लावू नका, काहीही तोडू नका. फक्त कचरा उचला, फोटो काढा आणि वहीत लिहा. नाले कुठे मिळतात, सावली कुठे आहे, गुरं कुठून उतरतात, पाण्याला कोण येतं. पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा असे तिन्ही हंगाम पाहून झाले की कुठे काय करायचं हे बरंचसं काठच सांगतो.

मग फोटो जरूर टाका. फक्त खड्ड्याच्या फोटोबरोबर मागच्या वर्षी त्याच जागेवरून काढलेला फोटोही टाका.